ब्लेंडरमधलं ७४७ उडतंय, पण खेळण्यातलं वाटतंय

विहंग_कुर्ला:
नमस्कार मंडळी. माझे बाबा सांताक्रूझच्या हँगरमध्ये पेंटर होते. एअर इंडियाच्या बोइंग ७४७ या जंबो जेटच्या खिडक्यांभोवतीचे लाल झरोके त्यांच्या हाताखालून गेलेत. एप्रिल २०२४मध्ये शेवटचं ७४७-४०० मुंबईहून अमेरिकेला गेलं, त्याचा व्हिडिओ ते अजून बघतात. पुढच्या महिन्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतील. ढगांवरून जाणारं तेच विमान मोठं छापून त्यांना द्यायचंय.

सात महिने ब्लेंडर या थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करतोय. मापं काटेकोर आहेत: लांबी ७० मीटरच्या वर, पंखविस्तार ६४.४. ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनात रेंडर (म्हणजे मॉडेलवरून अंतिम चित्र), ३५ मिमीची लेन्स, आकाशासाठी एचडीआरआय (म्हणजे उजेड देणारा चौफेर फोटो). तरी बायको म्हणाली, "शोकेसमधलं मॉडेल छान दिसतंय." कुठे चुकतंय?

रेंडर_रात्रपाळी:
चित्र मोठं करून पाहिलं. झरोक्याची कमान अगदी नेमकी उतरलीय, तिला हात लावू नका.

तुमचा पलीकडचा पंख धूसर झालाय. तेवढा धूसरपणा टेबलावरच्या वस्तूचा जवळून फोटो काढला की येतो, म्हणून डोळा लगेच "खेळणं" म्हणतो. खऱ्या विमानाचा फोटो दुसऱ्या विमानातून, लांबून काढतात. नाकापासून शेपटीपर्यंत सगळं स्वच्छ येतं. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे हा धूसरपणा आणणारी सेटिंग, बंद करा, कॅमेरा तीनशे मीटर लांब न्या, लेन्स १००ची घ्या.

आणि पोट काळं पडलंय. खाली पांढरेशुभ्र ढग असताना पोटाला अंधार कुठून येणार? तुमचं एचडीआरआय मैदानात उभं राहून घेतलेलं दिसतंय. खालच्या अर्ध्यात गवत आहे आणि त्याचाच हिरवट काळोख विमानाला लागलाय. तो अर्धा भाग ढगांच्या उजेडाने बदला. सूर्याच्या दिव्याचा कोन अर्ध्या अंशाचाच ठेवा, सावलीची कड धारदार हवी.

पाना_दहा_नंबर:
मी लाइन मेंटेनन्समध्ये, म्हणजे विमानांच्या रोजच्या देखभालीत आहे, म्हणून पंखांबद्दल बोलते. विहंग, तुम्ही पंख उभ्या विमानाचे फोटो बघून केलेत ना? जमिनीवर पंख स्वतःच्या आणि आतल्या इंधनाच्या वजनाने खाली झुकलेला असतो. हवेत त्याच पंखावर अख्खं विमान तोललेलं असतं, त्यामुळे तो वर वाकतो. मुळाशी जवळजवळ नाही आणि टोकाकडे वाढत जाणारा, असा वाक द्या. नाक दोन-तीन अंश वर.

शिवाय तुमचा पत्रा आरशासारखा सपाट आहे. खरं ॲल्युमिनियम आतल्या फ्रेमच्या मध्ये किंचित लहरतं. संध्याकाळी तिरप्या उन्हात बाजूने बघा, प्रतिबिंब हलल्यासारखं दिसतं. बंप, म्हणजे पृष्ठभागाला उंचसखलपणा द्या, पण अगदी नखभर. इंजिनाच्या तोंडाची कड मात्र रंगवू नका, तिथे उघडा धातू असतो.

विहंग_कुर्ला:
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्रभर रेंडर लावलं. पंख वाकवल्यावर विमानाला एकदम वजन आलं, आणि पोटावर ढगांचा उजेड पडला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

सकाळी बाबांनी मॉनिटर पाहिला. गुपित फुटलं, पण असू दे. चष्मा काढून, पुसून, परत लावून बराच वेळ बघत राहिले. मग पाठीवरच्या लाल पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथला लाल एवढा ताजा राहत नाही रे. उन्हाने वरून फिका पडतो, खाली पोटाकडे टिकतो."

आता तोच लाल वरून उतरवतोय. ते शेजारी खुर्ची घेऊन बसलेत.