एक्सेलमध्ये न्यू विंडो घेतली की फ्रीझ पेन्स उडतात, उपाय आहे का?

मंडळी, जरा मदत हवी आहे. एकाच एक्सेल फाइलमधली दोन शीट्स दोन मॉनिटरवर लागतात: डावीकडे नोंदी, उजवीकडे गोषवारा. व्ह्यूमध्ये जाऊन न्यू विंडो, म्हणजे त्याच फाइलची दुसरी खिडकी, घेतो. फाइलच्या नावापुढे 1 आणि 2 येतं, इकडे आकडा बदलला की तिकडची बेरीज लगेच हलते. इथवर झकास.

पण नव्या विंडोत फ्रीझ पेन्स (स्क्रोल करताना ठरावीक ओळी-कॉलम जागेवर ठेवणारी सोय) गायब! बंद केलेल्या ग्रिडलाइन्सही (चौकटींच्या फिक्या रेघा) परत हजर. त्यात कुणी 1 नंबरची विंडो आधी बंद केली आणि 2 मधून सेव्ह केलं, की फाइल तशीच उघडी-बोडकी राहते. मी 2 आधी बंद करतो, पण फाइल टीममध्ये फिरते, कुणाकुणाला सांगणार? व्हर्जन 2016 आहे, नवीन मिळणार नाही.

ऑल्ट धरून दुसरं एक्सेल उघडा असं कृपया सुचवू नका, तिथे तीच फाइल फक्त रीड-ओन्ली उघडते.

विंडो 1 ची सेटिंग्ज प्रत्येक शीटसाठी 2 मध्ये नेणारा छोटा मॅक्रो (एक्सेलकडून काम आपोआप करून घेणारा कोड) कुणी वापरतं का? झूम मात्र वेगळा ठेवता यायला हवा, कारण दुसरा मॉनिटर लहान आहे.