चर्चा: व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टची जुनी व्हिज्युअल बेसिक भाषा) मधून वेब सर्व्हिस (नेटवरून माहिती देणारी-घेणारी सेवा) थेट बोलवावी की मध्ये डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचंच नंतरचं व्यासपीठ) घालावं?

अर्धविराम:
माझं मत: थेट बोलवा. विंडोजमध्ये विनएचटीटीपी रिक्वेस्ट ५.१ (वेबवर विनंती पाठवणारा घटक) आयतं असतं. ओपन, हेडर, सेंड, मग स्टेटस २०० (म्हणजे यशस्वी) आहे का ते बघायचं, झालं. एवढ्यासाठी डॉटनेटची डीएलएल (जोडून वापरायची कोडची फाइल) म्हणजे नाकापेक्षा मोती जड. फक्त सेटटाइमआउट्सचे (किती वेळ थांबायचं त्याचे) चारही आकडे (मिलिसेकंदात) स्वतः द्या. डीएनएसवर (नावावरून सर्व्हरचा पत्ता देणाऱ्या सेवेवर) पत्ता शोधायला मुळात मुदतच नसते, आणि सिंक्रोनस (उत्तर येईपर्यंत थांबून राहणारा) सेंड अडकला की फॉर्म थिजतो.

खटपट्या:
असहमत. टीएलएसचं (जोडणी सुरक्षित करणाऱ्या पद्धतीचं) काय? विंडोज ७ वर विनएचटीटीपी मुळात टीएलएस १.० पर्यंतच जातं. सर्व्हरला १.२ च हवं असेल तर हँडशेकलाच (जोडणी जुळतानाच) तुटतं आणि हाती येतो 'सिक्युअर चॅनल सपोर्ट'चा मोघम एरर. त्यात माणूस दिवसभर आपलाच कोड उकरत बसतो.

अर्धविराम:
त्यावर एका ओळीचा उतारा आहे. सेंडच्या आधी ऑप्शन(९) = २०४८, म्हणजे फक्त टीएलएस १.२. विंडोज ७ वर केबी ३१४०२४५ हे अपडेट मात्र आधी हवं. सर्व्हरएक्सएमएलएचटीटीपी (असाच दुसरा घटक) वापरत असाल तर ही सोय नाही. तिथे रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) डिफॉल्टसिक्युअरप्रोटोकॉल्स घालावं लागतं. ६४ बिट विंडोजवर ते वॉव६४३२नोडखालीही (३२ बिट प्रोग्रॅमांच्या भागातही) घाला, कारण व्हीबी ६ चा प्रोग्रॅम ३२ बिट. नेमकं हेच राहून जातं. आणि विंडोज एक्सपीचं म्हणाल, तर डॉटनेट फ्रेमवर्कही त्याच एसचॅनलवर (टीएलएस सांभाळणाऱ्या विंडोजच्या भागावर) उभं आहे. तिथे तेही हात टेकतं.

खटपट्या:
बरं, टीएलएस सुटलं. जेसन (सर्व्हिसचं उत्तर ज्या मांडणीत येतं ती) कशाने वाचणार? स्क्रिप्टकंट्रोलमध्ये (स्क्रिप्ट चालवणाऱ्या घटकात) इव्हॅल मारणारे कमी नाहीत. सर्व्हरकडून आलेला मजकूर कोड म्हणून चालवायचा, म्हणजे चोराच्या हाती किल्ली! शिवाय लाँगची (व्हीबी ६ मधल्या पूर्णांकाच्या प्रकाराची) मर्यादा २१४७४८३६४७. मिलिसेकंदातला तेरा आकडी टाइमस्टँप आला की एरर ६, ओव्हरफ्लो. सीडीबीएल (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) तर मशीनच्या रीजनल सेटिंगप्रमाणे वागतं. दशांशाला स्वल्पविराम असलेल्या मशीनवर १२.५० चं काय होईल याचा नेम नाही. डॉटनेटमध्ये हे प्रश्न कधीच मिटलेत.

जोडाक्षर:
आकड्यांपुरतं सांगायचं तर व्हॅल (तसंच दुसरं फंक्शन) दशांशाला नेहमी बिंदूच मानतं, आणि मोठे आयडी स्ट्रिंगच ठेवावेत. त्यांची बेरीज कोण करतंय? इव्हॅलबद्दल मात्र खटपट्यांशी शंभर टक्के सहमत.

कोणी काढला नाही तो मुद्दा देवनागरीचा. उत्तराच्या कंटेंट-टाइप हेडरमध्ये चारसेट (अक्षरांची संकेतपद्धत) नसेल तर रिस्पॉन्सटेक्स्टमध्ये अगम्य अक्षरं येतात. रिस्पॉन्सबॉडीचे बाइट एडीओडीबी स्ट्रीममध्ये लिहा (टाइप १, म्हणजे बाइट), पोझिशन ० वर आणा, टाइप २ (मजकूर) करा, चारसेट यूटीएफ-८ द्या, मग रीडटेक्स्ट. एवढं करूनही टेक्स्टबॉक्समध्ये प्रश्नचिन्हं दिसतील, कारण व्हीबी ६ ची मूळ कंट्रोल्स युनिकोड दाखवत नाहीत. तिथे डीएलएल लावूनही फरक पडणार नाही.

अर्धविराम:
आणि ती डीएलएल प्रत्येक मशीनवर रजिस्टर करायची! रेगअ‍ॅझम (रजिस्टर करणारं साधन) ३२ बिटचंच हवं, कोडबेससकट (फाइलची जागा नोंदवणाऱ्या पर्यायासकट). चुकून फ्रेमवर्क६४ मधलं चालवलं की एरर ४२९ (घटक तयारच होत नाही).

खटपट्या:
ते इन्स्टॉलरमध्ये एकदाच लिहायचं असतं. फॉर्म थिजू नये म्हणून डूइव्हेंट्स (वाट बघताना फॉर्मला क्लिक घेऊ देणारी आज्ञा) पेरणाऱ्यांचं काय? उत्तर येण्याआधी बटण पुन्हा दाबलं की पोस्ट (माहिती पाठवणारी विनंती) दोनदा जातं.

जोडाक्षर:
सेंडच्या आधी बटण डिसेबल करा. हे डॉटनेटमध्येही करावंच लागतं.