पूर ओसरल्यावर मनाच्या आजाराची गोळी कुठे मिळणार?

सीनाकाठ (धागाकर्ता)
सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा सोलापूर-धाराशिवकडच्या माढा, मोहोळ, परंडा, भूम या भागात घरात गाळ, जनावरं वाहून गेलेली आणि शेतातली माती खरवडून गेलेली, अशी अवस्था होती. पंचनामे आणि अनुदानावर भरपूर बोलणं झालं. ज्यांच्या मनोविकाराच्या गोळ्या आधीपासून चालू होत्या, त्यांच्याबद्दल मात्र फार थोडे बोलले.

माझं मत असं की, पूर ओसरताच दोन दिवस येऊन जाणाऱ्या समुपदेशकांच्या पथकापेक्षा ग्रामीण रुग्णालयातला औषधसाठा आणि ठरलेल्या वारी येणारा मानसोपचारतज्ज्ञ जास्त गरजेचा आहे. स्किझोफ्रेनियाची, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराची, गोळी तुटली की माणूस पुन्हा बिघडतो. फिटची गोळी अचानक थांबली तर जिवावर बेततं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आवश्यक औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळायला हवीत. जिल्ह्यात सरकारी सेवाच नसेल तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्चही सरकारवर आहे. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. रस्ता वाहून गेल्यावर परंड्याच्या माणसानं कुठलं गाठायचं?

बांधावरचा
दादा, तुमची तळमळ कळते, पण तुम्ही दुखणं सोडून दुसरीकडेच बोट ठेवताय. आमच्याकडे झोप उडाली ती सोसायटीच्या कर्जानं आणि दारात मेलेल्या म्हशीनं. खरवडलेली जमीन गोळीनं भरून येत नाही. भरपाई वेळेत खात्यावर पडली, रब्बीची पेरणी साधली, तर बरेच जण आपले आपण सावरतात. संकटात रडणाऱ्या माणसाला रुग्ण ठरवू नका. उद्या सरकारही म्हणेल, समुपदेशन दिलं की, आता कर्जमाफी कशाला?

सीनाकाठ
रडणाऱ्या सगळ्यांना गोळी द्या असं मी कुठे म्हटलं? ज्याची चालू होती त्याची तुटू देऊ नका, एवढंच म्हणतोय. भरपाई आली म्हणून त्याचा आजार थांबत नाही.

किल्लारीकडची
मला तुमचं दोघांचंही पटत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमच्याकडे भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. सुमारे 10 हजार माणसं गेली. नंतर मदत आली, गावं नव्या जागी वसली, पक्की घरं मिळाली. म्हणजे बांधावरचे म्हणतात ते सगळं झालं. तरी डोक्यावर स्लॅब नको म्हणून अंगणात झोपणारी माणसं होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं या भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास केला, तो उगाच नाही.

आणि सीनाकाठ, नुसत्या गोळ्यांनीही भागत नाही. ज्या बाईची दोन्ही लेकरं गेली तिला औषध कशाचं द्याल? तिच्याजवळ बसणारं माणूस लागतं, आणि ते वर्षभर लागतं. पथकं वाईट नसतात, ती लवकर जातात हे वाईट.

आशाताई_गावातली
बसणारं माणूस म्हणजे शेवटी आम्हीच ना? पुरात आमचीही घरं पाण्यात होती. गरोदर बायांची यादी, क्लोरीनच्या गोळ्या, तापाचा सर्व्हे, त्यात मनाचा फॉर्म. बाई कधी म्हणत नाही की मन ठीक नाही. म्हणते, छातीत धडधडतंय, जेवण जात नाही. मनाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की सासू विचारते, सुनेला वेडी ठरवता का? म्हणून तज्ज्ञ येणार असेल तर त्याला नेहमीच्याच ओपीडीत बसवा, वेगळी पाटी नको. मनाच्या त्रासावर फोनवर सल्ला देणाऱ्या सरकारी टेलिमानसचा 14416 नंबर आम्ही सांगतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. पण पुरात फोन चार्ज कुठे करणार?

मेडिकलवाला
साठ्याला माझा विरोध नाही, पण सावध राहा. पुरानंतर लोक झोपेची गोळी मागायला येतात. ताज्या धक्क्यात ती देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही मार्गदर्शन आहे, कारण सवय लागते. शिबिरात औषध आलं की ते सरसकट वाटलं जाण्याची भीती मला वाटते. उलट खऱ्या रुग्णाची चिठ्ठी पाण्यात गेलेली असते आणि चिठ्ठीशिवाय मी देऊ शकत नाही.

सीनाकाठ
मग चालू औषधांची नोंद ग्रामीण रुग्णालयात ठेवा. पावसाळ्याआधी आशाताईंकडून ती ताजी करून घ्या आणि त्या कामाचा वेगळा मोबदला द्या. ज्याचं नाव नोंदीत त्यालाच महिन्याचं औषध, झोपेच्या गोळ्यांचं वाटप नाही.

बांधावरचा
नोंदीला हरकत नाही. पण ती खासगी राहील याची हमी कोण घेणार? गावात यादी फुटली तर पोरीचं लग्न मोडतं. आणि याचा खर्च आरोग्य खात्यानं उचलावा, पूरग्रस्तांच्या मदतीतून एक रुपयाही वळवू नये. एवढं लेखी द्या, मग मी तुमच्यासोबत तहसीलवर निवेदन द्यायला येतो.