रिकामा नॉर्मल चॅनेल, ट्रेमोलोचा व्हॉल्व्ह: ट्यूब अँप उघडावा की जसाच्या तसा ठेवावा?

नौपाडाकर_स्ट्रॅट

माझं मत आधीच सांगतो. ट्यूब अँप, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर, हे वाद्य आहे, आणि वाद्य आपल्या हाताला बसतं करून घ्यायचा हक्क वाजवणाऱ्याला आहे. सतारीची जवारी आपण काढून घेतोच, तेव्हा कोणी म्हणत नाही की कारागिराने दिली तशीच ठेव.

माझ्याकडे फेंडरचा ६५ डिलक्स रिव्हर्ब आहे, रिइश्यू, म्हणजे जुन्या अँपची नव्याने काढलेली आवृत्ती. २२ वॅट, दोन ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह, समोर दोन चॅनेल. व्हायब्रॅटो चॅनेलला रिव्हर्ब (घुमारा) आणि ट्रेमोलो (आवाजाची वरखाली लाट) आहे, नॉर्मलला काहीच नाही. माझ्या ओळखीतले हा अँप वापरणारे सगळे व्हायब्रॅटोतच जॅक घालतात. नॉर्मलचा व्हॉल्व्ह, म्हणजे व्ही१, नुसता तापत बसतो. दोन्ही चॅनेल जोडून वाजवावेत तर व्हायब्रॅटोच्या वाटेत एक स्टेज, म्हणजे सिग्नल वाढवणारी एक पायरी, जास्त आहे, त्यामुळे आवाज उलट्या फेजमध्ये येतात आणि एकमेकांना खातात.

ट्रेमोलो मी वापरत नाही. म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह, व्ही५, पण मोकळा, आणि त्यात दोन ट्रायोड, म्हणजे दोन स्टेज होतील असे दोन भाग. बेत असा: नॉर्मलच्या दोन ट्रायोडपुढे व्ही५चे दोन जोडून चार स्टेजची साखळी करायची आणि नॉर्मलचा गेन चॅनेल, म्हणजे फाटलेल्या आवाजाचा चॅनेल, बनवायचा. स्पीड आणि इंटेन्सिटीचे पॉट काढून त्याच भोकांत गेन आणि मास्टर (शेवटचा आवाज कमीजास्त करणारा). पॅनेलला नवीन भोक एकही नाही. व्हायब्रॅटोच्या, म्हणजे स्वच्छ आवाजाच्या, क्लीन चॅनेलला हात नाही. चॅनेल बदलायला बाहेर एबी पेडल (गिटार या किंवा त्या चॅनेलला जोडणारं), आत रिले वगैरे नाही.

हे करण्यात चूक काय आहे, ते सांगा.

नेरूळकर

चूक तिसऱ्या परिच्छेदात आहे. तुम्ही ट्रेमोलोला "मोकळा" म्हणालात.

त्या अँपचा ट्रेमोलो म्हणजे एक निऑनचा दिवा, आणि त्याच्या उजेडाने रेझिस्टन्स बदलणारा पार्ट, एलडीआर. दिवा लुकलुकतो तसा आवाज वरखाली होतो. ती लाट एखाद्या गाण्याच्या संथ कडव्यात लावून बघा, मग व्ही५ उपटायची भाषा करा. तुम्हाला नको म्हणून तो व्यर्थ ठरत नाही.

दुसरं, रिइश्यूचं सर्किट छापील बोर्डावर आहे. १९६० च्या दशकातल्या अँपमध्ये फायबरच्या पट्टीवर आयलेट होते, त्यावर दहा वेळा डाग (सोल्डर) दिला तरी काही होत नाही. छापील बोर्डावर तोच पार्ट दोनतीनदा काढला-घातला की तांब्याची पट्टी उखडते. मग तिथून जम्पर (जोडवायर), जम्परवरून जम्पर.

तिसरं, आवाजाचंच. फेंडरमध्ये टोन स्टॅक, म्हणजे बास-ट्रेबलचं सर्किट, पहिल्या स्टेजनंतर लगेच आहे, गेन त्याच्या पुढे. मार्शल अँपमध्ये उलट, गेन आधी आणि टोन स्टॅक शेवटी. तुम्ही फेंडरच्या टोन स्टॅकपुढे नुसत्या स्टेज वाढवल्या तर बास फुगणार आणि डिस्टॉर्शन भसाभसा येणार. यापेक्षा क्लीन चॅनेलपुढे चांगलं ओव्हरड्राइव्ह पेडल ठेवा. डिलक्स रिव्हर्ब पेडल जितकं गोड घेतो तितके फार थोडे अँप घेतात.

नौपाडाकर_स्ट्रॅट

टोन स्टॅकचा मुद्दा मान्य नाही. रँडल स्मिथने बर्कलीत फेंडरचे छोटे प्रिन्स्टन अँप उघडून दमदार केले, पुढे गेन स्टेज एकापुढे एक जोडल्या, त्यातूनच मेसा बूगी ही अँपची कंपनी उभी राहिली. बूगीच्या मार्क मालिकेत टोन स्टॅक आजही गेनच्या आधीच आहे. लोक बास जवळजवळ शून्यावर ठेवून वाजवतात आणि तो आवाज जगभर चालतो. शिवाय व्ही१च्या कॅथोडवरचा (व्हॉल्व्हच्या एका टोकावरचा) २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून ०.६८ घातला की खालचा बास साखळीत कमीच शिरतो. मार्शलच्या ब्राइट चॅनेलमध्ये २.७ किलो-ओहमवर हेच ०.६८ आहे.

आणि इतिहास सांगायचा तर मार्शलचा जन्मही असाच आहे. जिम मार्शलच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ मध्ये जेटीएम४५ अँप बनला तो फेंडरच्या बासमन अँपच्या सर्किटवरून. कुणीतरी फेंडर उघडला म्हणून आपल्याला मार्शल मिळाला.

नेरूळकर

इतिहास अर्धाच सांगितलात. मार्शलच्या लोकांनी गिऱ्हाइकाच्या बासमनला कात्री लावली नाही. त्यांनी सर्किट समजून घेतलं आणि नवीन अँप बांधला. तुम्हीही तेच करा. वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचं चेसिस वाकवून देणारे भरपूर आहेत. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात की रेझिस्टन्स, कंडेन्सर, टॅगबोर्ड (पार्ट जोडायची पट्टी), सॉकेट मिळतात. एक स्वतंत्र गेन हेड बांधा. डिलक्स रिव्हर्ब तसाच राहू द्या, आणखी वीस वर्षांनी कोणीतरी त्यात जॅक घालेल तेव्हा त्यालाही तो तसाच मिळू दे.

ऑर्केस्ट्रात_गिटार

मी स्टेजच्या बाजूने बोलतो. गडकरी रंगायतन, घाणेकर, वाशीचं भावे नाट्यगृह, सगळीकडे आमचे कार्यक्रम असतात. बहुतेक वेळा अँप भाड्याचा येतो. तुमचा गेन चॅनेल नौपाड्यात घरी राहतो आणि स्टेजवर तुमच्याबरोबर फक्त पेडलबोर्ड येतो. डिलक्स रिव्हर्ब १९ किलोच्या आसपास आहे, तो जिन्यावरून उतरवून रिक्षात घालून कोण नेणार रोज?

आणि समजा नेलात आणि मध्यंतरात बंद पडला. मूळ अँप असेल तर सर्किटचा नकाशा जगजाहीर आहे, कोणीही जाणकार फॉल्ट शोधेल. बदललेला अँप फक्त बदलणाऱ्याला कळतो. तो त्या दिवशी साताऱ्याला लग्नाला गेलेला असला की संपलं.

मी नेरूळकरांच्या बाजूने.

व्हॉल्व्हवाले काका, वर्तकनगर

मी रेडिओच्या काळापासून व्हॉल्व्हवर हात बसवलेला माणूस. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रिसिव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला घेतले, ते व्हॉल्व्ह आम्ही घरोघरच्या रेडिओत बदलले. नौपाडाकर, तुमच्या बेतात एक गोष्ट शहाणपणाची आहे. तुम्ही व्हॉल्व्ह वाढवत नाही. लोक चेसिसला भोक पाडून एक १२एएक्स७ व्हॉल्व्ह जास्तीचा बसवतात आणि विसरतात की ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगवर तो ३०० मिलीअँपिअर जादा खातो. ट्रान्सफॉर्मर आधीच काठावर असेल तर उन्हाळ्यात जळतो.

पण विजेबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही, ते मी लिहितो. या अँपमध्ये ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो. प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सर तो धरून ठेवतात. किती वेळ, ते अँपवर अवलंबून, म्हणून वेळेवर विसंबायचं नाही, मीटरवर विसंबायचं. १०० किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स घ्या, इन्सुलेटेड क्लिपने एक टोक चेसिसला, दुसरं कंडेन्सरच्या प्लसला. अर्धा मिनिट धरा. मग मीटर लावून शून्य बघा. प्रत्येक कंडेन्सरला वेगळं. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करू नका, कंडेन्सर आणि डोळे दोन्ही जातात. चालू अँपमध्ये मोजताना काळी क्लिप चेसिसला कायमची लावा आणि डावा हात खिशात.

आणि गुणगुण आली म्हणून अर्थिंग तोडणारे मी पाहिले आहेत. आपल्याकडच्या जुन्या चाळींत आणि सोसायट्यांत प्लगला तिसरी पिन असते पण मागे अर्थ असतोच असं नाही. गिटारची तार तुमच्या बोटात असते आणि ती चेसिसला जोडलेली असते. अर्थ आधी तपासा, मग डाग द्या. स्पीकर न जोडता अँप चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल.

बदल करावा की नाही? करावा, पण नकाशा काढून चेसिसच्या आत चिकटवावा. साताऱ्याच्या लग्नाचं उत्तर तेच आहे.

मिलीअँपिअर, खारघर

काकांच्या सगळ्या पोस्टशी सहमत. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, म्हणून दोन गोष्टी सर्किटवर.

नौपाडाकर, "क्लीन चॅनेलला हात नाही" हे तुमचं वाक्य खरं नाही. इंटेन्सिटीचा ५० किलो-ओहमचा पॉट व्हायब्रॅटो चॅनेलच्या सिग्नलवरच भार टाकून बसलेला असतो. तो काढलात की भार सुटतो, क्लीन चॅनेलचा आवाज वाढतो आणि तो लवकर फाटायला लागतो. तो स्वभाव जपायचा असेल तर पॉटच्या जागी ४७ किलो-ओहमचा साधा रेझिस्टन्स ठेवा.

दुसरं, चार स्टेज कशाला? तीन पुरेत. मार्शलच्या २२०३ अँपमध्ये तीनच गेन स्टेज आहेत, चौथा ट्रायोड कॅथोड फॉलोअर म्हणून आहे, म्हणजे तो गेन न वाढवता सिग्नल पुढे देतो, आणि मधल्या एका स्टेजचा कॅथोड १० किलो-ओहमचा ठेवल्यामुळे त्याचा खरखरीत स्वभाव येतो. तुम्ही व्ही५चा एकच ट्रायोड गेनला वापरलात तर नॉर्मलच्या वाटेतही तीन स्टेज होतात. व्हायब्रॅटोतही तीनच. फेज आपोआप जुळते, दोन्ही चॅनेल एकत्रही वाजवता येतील! उरलेला ट्रायोड फॉलोअर करून मास्टरच्या पुढे लावा.

खरी अडचण जागेची आहे. व्ही१ एका टोकाला, व्ही५ पार पलीकडे फेज इन्व्हर्टरच्या (दोन ६व्ही६ना उलटसुलट सिग्नल देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) शेजारी. मध्ये रिव्हर्बचा सगळा संसार. सिग्नल तिकडे न्यायला शील्डेड वायर लागेल. ट्रेबल जाईल अशी भीती बाळगू नका: व्हॉल्व्हच्या प्लेटकडून निघणारा सिग्नल साधारण ४० किलो-ओहममधून येतो, ३० सेंटिमीटर वायरची कपॅसिटन्स ३० पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे कटऑफ १०० किलोहर्ट्झच्या वर. भीती शिट्टीची आहे. वाढवलेला सिग्नल इनपुटच्या वायरजवळून परत आला की अँप किंचाळतो. शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा, आणि परतीची वायर व्ही१च्या बाजूला आणूच नका.

शिवाय नेरूळकर, तुम्ही एक बाजू बघतच नाही. सोसायटीत २२ वॅटचा क्लीन अँप फाटेपर्यंत चढवता येतो का? निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मास्टर असलेला गेन चॅनेल म्हणजे व्हॉल्व्हचं डिस्टॉर्शन कमी आवाजात. हे मला पेडलपेक्षा जास्त पटतं.

नेरूळकर

मिलीअँपिअर ताई, आवाजाच्या मर्यादेचा मुद्दा योग्य, पण कमी आवाजात ६व्ही६ आणि स्पीकर झोपलेलेच राहतात. तुम्हाला मिळतं ते प्रीअँपचं, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या व्हॉल्व्हचं, डिस्टॉर्शन. त्यासाठी ट्रेमोलोचा बळी कशाला? शिवाय अशा जागी व्हॉल्व्ह निवडून घालावा लागतो, थोडा मायक्रोफोनिक (धक्क्याला वाजणारा) असला की ठोकल्यासारखा वाजतो. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा साधे १२एएक्स७ सुद्धा महाग झाले होते, निवडायला ढीग हाताशी नसतो.

माझं मत बदललेलं नाही. पण करणारच असाल तर ट्रेमोलोचा एकही पार्ट फेकू नका. दोन्ही पॉट, ऑप्टो (दिवा-एलडीआरची जोडी), सगळं लेबल लावून पिशवीत, पिशवी कॅबिनेटच्या आत. आणि छापील बोर्डाचं काय, याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

नौपाडाकर_स्ट्रॅट

देतो. बोर्डावर डाग देणारच नाही, शक्यतो. व्ही५च्या सॉकेटकडे जाणाऱ्या वायर सोडवायच्या, नवीन पार्ट वेगळ्या छोट्या टॅगबोर्डवर बांधायचे आणि तो रिकाम्या जागी स्टँडऑफवर बसवायचा. बोर्डावरचा फक्त व्ही१चा कॅथोड कंडेन्सर बदलेल, तोही एकदाच.

तीन स्टेजचा सल्ला घेतला. इंटेन्सिटीच्या जागी ४७ किलो-ओहम, तोही घेतला. स्वतंत्र हेड बांधायला नेरूळकर सांगतात, पण त्याला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. पॉवर ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे ठाण्यात आहेत, पण प्रायमरी-सेकंडरी थरांत विणलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर हे वेगळं काम आहे. माझ्या अँपमध्ये तो आधीच आहे, उत्तम आहे, आणि दोन्ही चॅनेलना पुरतो. माझ्या बाजूने हाच सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

व्हॉल्व्हवाले काका, वर्तकनगर

मग सुरुवात अशी करा. काहीही सोडवण्याआधी व्ही१ आणि व्ही५च्या पिन १, ३, ६, ८ चे व्होल्टेज मोजून वहीत लिहा. व्ही५वर ट्रेमोलो चालू आणि बंद, दोन्ही आकडे. ते इथे टाका. आकडे बघितल्याशिवाय १०० किलो-ओहमचा प्लेट रेझिस्टन्स कुठून फीड करायचा ते मी सांगणार नाही.