भव्यता ठीक, पण आईचे गुडघे?

"आत शिरताच डोळे दिपले की माणूस भारावतो, बाकी सोयी दुय्यम," असं चर्चच्या वास्तूंबद्दल कुणीतरी म्हटलंय. अर्धंच पटलं.

जुन्या गोव्यात समोरासमोर दोन उदाहरणं आहेत. से कॅथेड्रल पांढरंशुभ्र, एक मनोरा १७७६ मध्ये कोसळलेला, त्यामुळे एका अंगाने लंगडं. रस्त्यापलीकडे १६०५ सालचं बॉम जेझस चर्च, उघड्या जांभ्याचं. पाहणाऱ्याला वाटतं, काय ते चारशे वर्षांचं रापलेपण! पण त्यावरचा गिलावा १९५० च्या दशकात मुद्दाम काढला गेला, इमारत 'जुनी दिसावी' म्हणून. म्हणजे आपल्याला भावतं ते रूप बांधणाऱ्यांच्या मनातलं नव्हेच. आणि जांभा पाणी पितो, तेव्हा पावसाळ्यात त्याची किंमत भिंतींनाच मोजावी लागते.

आता पणजीचं चर्च. नागमोडी पायऱ्यांसमोर फोटोसाठी ही झुंबड! माझी आई खालच्या पायरीवर बसून राहिली. गुडघे. वरचं तिला मी मोबाईलवर दाखवलं. तिच्या लेखी ते चर्च म्हणजे ऊन आणि पायऱ्या, एवढंच.

उलट वसईकडच्या एका साध्या चर्चमध्ये दाराशी पिण्याचं पाणी होतं, पंख्याखाली बाक होता आणि प्रार्थनेच्या वेळा मराठीत लिहिलेल्या. आम्ही ख्रिस्ती नाही, तरी अवघडल्यासारखं वाटलं नाही. नक्षीकाम होतं की नव्हतं, आता आठवतही नाही. आई मात्र त्या बाकाबद्दल अजून सांगते.