मंडळीच्या (चर्चच्या) हिशेबावरून वाद: बायबलमधील मत्तय 18 कसे पाळावे?

प्रश्न: बांधकाम निधीच्या हिशेबावरून आमच्या कमिटीतील एका ज्येष्ठ बंधूंशी माझा मतभेद झाला आहे. मत्तय 18:15 प्रमाणे मी त्यांना एकांतात भेटलो, परंतु त्यांनी ऐकून घेतले नाही. अशा स्थितीत प्रभुभोजन (उपासनेतील भाकर व द्राक्षारसाचा पवित्र विधी) घ्यावे का?

उत्तर 1: सलाम. सोळाव्या वचनाप्रमाणे आता एकदोघांना बरोबर न्यावे. मात्र ते तुमची बाजू लढवणारे नसावेत, तर दोघांचाही विश्वास असलेले असावेत आणि त्यांनी पावत्या व पासबुक स्वतः तपासावे. मंडळीपुढे विषय नेणे त्यानंतरचे. व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो कृपया मांडू नका.

उत्तर 2: सलोख्यासाठी हिशेबाचा आग्रह सोडू नये, असे मला मनापासून वाटते. यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठीच्या वर्गणीबाबत कोणी दोष लावू नये म्हणून प्रेषित पौल एकट्याने ती न हाताळता मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत घेतो आणि प्रभूच्याच नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते पाहतो (2 करिंथ 8:19-21). प्रभुभोजनाविषयी म्हणाल, तर मत्तय 5:24 वेदीवर अर्पण करण्याआधी समेट करण्यास सांगते, पण सर्वांशी शांतीने राहण्यास सांगणाऱ्या रोम 12:18 मध्ये ‘शक्य असेल तर’ ही अटही आहे. तुम्ही मनात वैर न ठेवता प्रयत्न केला असेल, तर दूर राहू नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) आणि दोघांना मान्य असलेल्या एका वडील भगिनी यांना मी विनंती करतो.