एकाच शहरात पदवीधरांचे दोन वेगळे टक्के कसे काय?

प्रश्न: एका शहराची आकडेवारी बघतोय, एका तक्त्यात पदवीधर भरपूर, दुसऱ्यात बरेच कमी, वर्ष तेच. घोळ कुठंय?

उत्तर १: घोळ नसेलही, आधी वयोगट बघा. १५ च्या पुढचे सगळे धरले की अकरावी-बारावीतली पोरंपण भाजकात येतात, त्यांच्याकडे डिग्री असणार कुठून, टक्का आपोआप पडतो. म्हणून तर ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक संघटना) २५ ते ६४ वय धरते, तोवर बहुतेकांचं कॉलेज उरकलेलं असतं.

उत्तर २: आणि "उच्च शिक्षण" म्हणजे नक्की काय धरलंय तेपण बघा. युनेस्कोच्या आयस्केड २०११ (शिक्षणाच्या पातळ्यांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी) मधे लेव्हल ५ ते ८ त्यात येतात, पण ५ म्हणजे छोटे कोर्स, डिग्री ६ पासून, पीएचडी ८. ५ मोजली की आकडा फुगतो.

प्रश्नकर्ता: अरे हो! दुसऱ्याच्या खाली बारीक अक्षरात "१५+" लिहिलंय, दिसलंच नव्हतं 🤦

उत्तर ३: अजून एक, टक्का जास्त म्हणजे शहरानेच शिकवलं असं नाही हं. निम्मे जण डिग्री दुसरीकडे घेऊन नोकरीसाठी आलेले असू शकतात, जन्मगावाचा तक्ता असेल तर तो काढा.